परके मूत्रपिंड आणि शरीराचा नकार

प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीर का नाकारते, हे विज्ञानाला प्रथम प्राण्यांनी शिकविले. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्सिस कारेल यांनी रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत सिद्ध केली. कुत्र्याचे स्वतःचे मूत्रपिंड काढून त्याच्याच शरीरात पुन्हा बसविले तर ते काम करी. दुसऱ्या कुत्र्याचे बसविले तर थोड्याच दिवसांत निकामी होई. शस्त्रक्रिया तीच, टाके तेच. मग दोष कोठे होता?

याचे उत्तर पीटर मेडावार यांना सशांवरील त्वचारोपणात मिळाले. परक्या सशाची त्वचा काही दिवसांनी गळून पडे. त्याच सशाची त्वचा दुसऱ्यांदा लावली असता ती अधिक लवकर गळे. म्हणजे शरीर परक्याला ओळखते आणि ती ओळख लक्षातही ठेवते. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. ती वेगळी दिसताच रक्तातील श्वेतपेशी त्या अवयवावर रोगजंतूप्रमाणेच तुटून पडतात. एकरूप जुळ्या भावांची ही प्रथिने एकसारखी असतात. म्हणूनच डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एकरूप जुळ्या भावांमध्ये केलेले प्रत्यारोपण यशस्वी झाले.

पण ज्याला जुळा भाऊ नाही, त्याने काय करावे? १९६० साली रॉय कॅल्न यांनी दाखविले की, ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध दिलेल्या कुत्र्यांमध्ये परके मूत्रपिंड अधिक काळ टिकते. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेले अ‍ॅझाथायोप्रिन हे त्याच जातीचे औषध पुढे माणसांना उपयोगी पडले. मात्र ही औषधे शरीराची ओळख पुसत नाहीत, केवळ प्रतिकार दडपतात. त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि बरे वाटते म्हणून गोळ्या बंद केल्यास अनेक वर्षांनीही नकार उद्भवू शकतो. आपल्या परिचयातील रुग्णांना हे आवर्जून सांगावयास हवे.

येथे आम्हांस एक प्रश्न टाळता येत नाही. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील आम्ही रोज ग्रहण करतो. आणि हे ज्ञान तर मुक्या जीवांच्या वेदनेतून आले आहे. त्याचा लाभ नाकारल्याने ते जीव परत येणार नाहीत. परंतु त्यांचे ऋण विसरणेही धम्माला धरून होणार नाही. शक्य तेथे प्राण्यांऐवजी अन्य साधन वापरावे, संख्या कमी करावी, वेदना कमी करावी, हा नियम १९५९ साली रसेल व बर्च यांनी मांडला. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली.

सिवि जातकातील राजाने आपले नेत्र दान केले. मरणोत्तर अवयवदान हे त्याच दानपारमितेचे आजचे रूप आहे, असे आम्ही मानतो. आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी या विषयावर घरी एकदा तरी बोलावे. प्रज्ञेने जे कळले, ते करुणेने आचरणात आणावे, एवढीच आमची विनंती.