कंपनीचे टायर लगेच काढू नका

नवी थार किंवा जिम्नी घरी आली की आपल्या भागात पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘हे टायर काढ, बटनवाले टाक.’ नागपूर भागातल्या खाप्याभोवतीची जमीन पाहिली की सल्ला पटतोही. एका अंगाला कन्हानची रेती, दुसरीकडे गुमगावच्या मँगनीज खाणीकडचे ट्रकांनी उखडलेले रस्ते, आणि पाऊस पडला की घोट्यापर्यंत रुतवणाऱ्या काळ्या जमिनीतल्या पांदणी. पण चार टायर बदलायला मोठी रक्कम लागते, आणि त्यांवर घरच्यांचा जीव अवलंबून असतो. म्हणून या सल्ल्यामागचे समज एकदा नीट तपासले पाहिजेत.

कंपनीने हलका माल बसवलेला असतो, हा सगळ्यात पसरलेला समज. 2020 मध्ये नवी थार आली तेव्हा तिच्या 18 इंची चाकांवर ऑल-टेरेन टायरच होते, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी केलेले. ते काढून दुसऱ्या कंपनीचे ऑल-टेरेन टाकले तर फरक पडतो, पण खर्चाच्या मानाने थोडा. जिम्नीचे मात्र वेगळे आहे. तिला हायवे प्रकारचे टायर येतात, त्यामुळे रोज शेतात जाणाऱ्याने पुढे ते बदलणे समजण्यासारखे आहे. तरीही गाडीचे ब्रेक, एबीएस आणि स्टॅबिलिटीची यंत्रणा कंपनीने ठरवून दिलेल्या टायरवर जुळवलेली असते. ते पूर्ण वापरून, घासल्यावर बदलणे यातच शहाणपण आहे.

‘चिखलाचा टायर सगळीकडे चालतो’ हा समज सर्वांत धोक्याचा. मड-टेरेन, म्हणजेच ‘बटनवाल्या’, टायरच्या ठोकळ्यांमध्ये मोठ्या फटी असतात. चाक फिरताना चिखल त्यांतून बाहेर फेकला जातो, म्हणून हा टायर काळ्या जमिनीत इतरांपेक्षा बरा चालतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. बारीक नक्षीच्या खाचा ती काही मीटरांतच भरून टाकते, मग टायर गुळगुळीत असल्यासारखा घसरतो. इथवर सल्ला बरोबर आहे. पण त्याच फटींमुळे ओल्या डांबरावर रबर रस्त्याला कमी टेकते आणि ब्रेक लावल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. शिवाय आवाज वाढतो, इंधन जास्त लागते, टायर लवकर घासतो. खाप्याहून सावनेर आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग 47 ने नागपूर, असा ज्याचा बहुतेक प्रवास आहे, त्याने पावसाळ्यातल्या मोजक्या फेऱ्यांसाठी वर्षभर ब्रेक कमजोर करून घेऊ नयेत. आणि मुसळधार पावसानंतर पांदणीत खोल चिखल झाला असेल तर कुठलाच टायर पुरत नाही. तिथे ट्रॅक्टरच लागतो.

रुंद टायर चिखलात चांगला, असेही म्हणतात. सुक्या, मोकळ्या रेतीत रुंदी उपयोगी पडते, कारण वजन पसरते. पण वर गाळाचा थर आणि खाली घट्ट मुरूम असेल तर अरुंद टायर गाळ कापून खालच्या जमिनीला लागतो. जिम्नीचा 195 मिलिमीटर रुंदीचा टायर अशा ठिकाणी हलका समजू नका.

मोठ्या टायरने गाडी उंच होते, हे खरे. पण किती, याचा हिशेब करा. थारच्या 16 इंची चाकांचे मूळ माप 245/75 आर 16 आहे, त्याचा व्यास सुमारे 774 मिलिमीटर. 265/75 आर 16 टाकला तर तो 804 होतो. जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे फक्त 15 मिलिमीटर वाढते. उलट स्पीडोमीटर जवळपास 4 टक्के कमी दाखवू लागतो, चाक जड होते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची शक्यता राहते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल मूळ नोंदीपेक्षा वेगळ्या बदलांबाबत कडक आहेत. कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापांत राहिले तर हा घोळच होत नाही.

आता हवेबद्दल, कारण इथे लोकांचे जीव जातात. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो’ हे विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि ते उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. त्या वाकण्यातून आतली उष्णता वाढते, आणि वेगात चालताना रबर व दोरे एकमेकांपासून सुटतात. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना, तापलेल्या डांबरावर कमी हवेचा टायर सर्वांत आधी दगा देतो. उष्णतेने दाब काही पौंडांनी वाढतो, हे टायर बनवणाऱ्यांनी धरलेलेच असते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, तेव्हापासून टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतोच आहोत. ड्रायव्हरच्या दारालगतच्या खांबावर दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. गाडी थंड असताना त्याप्रमाणे हवा भरा. रेतीत उतरताना ती 18-20 पौंडांपर्यंत कमी करणे योग्यच, पण डांबरावर येण्याआधी पुन्हा भरली पाहिजे. छोटा 12 व्होल्टचा पंप गाडीत ठेवणे नव्या टायरपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचे आहे.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात: साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. दर महिन्याला दाब तपासला नाही तर नायट्रोजन भरूनही फायदा नाही.

पैसे वाचवण्यासाठी आधी दोनच टायर बदलू, असा विचार 4×4 गाडीत करू नका. थार आणि जिम्नीत फोर-व्हील ड्राइव्ह लावला की पुढची आणि मागची चाके एकाच वेगाने फिरण्यासाठी जोडली जातात. पुढे-मागे व्यास वेगळा असेल तर घट्ट जमिनीवर गिअरांवर सतत ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

बदलायची वेळ आली की नक्षी नव्हे, बाजूवरची अक्षरे वाचा. लोड इंडेक्स 100 म्हणजे त्या टायरवर 800 किलो भार, वेगाचे अक्षर एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, क्यू म्हणजे 160. मूळ टायरपेक्षा हे आकडे कमी नसावेत. आयएसआय खूण पाहा. चार अंकी आकड्यातून तारीख कळते: 2325 म्हणजे 2025 चा 23 वा आठवडा. दुकानातला टायर काळाभोर चमकत असला तरी दोन वर्षे पडून असेल तर घेऊ नका. दुकानदार हा आकडा दाखवायला टाळत असेल, तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.