डोंगर नसलेल्या मुलखाचा फोटो

मंडळी, फोटो काढायला बारामती-इंदापूरचे लोक कुठे जातात? सह्याद्रीत, नाहीतर थेट लडाखला किंवा जैसलमेरला. मला त्यात गैर काही वाटत नाही. पण आपल्या दाराशी जो कोरडा मुलूख आहे, त्याचा फोटो काढणं लडाखपेक्षा अवघड आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघी नीरा-नृसिंहपूरला भेटतात. मधला सगळा भाग पर्जन्यछायेत. खाली काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. आपल्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्याच आहेत. फक्त त्या इतक्या बुटक्या आणि पसरट आहेत की दुपारी बारा वाजता दिसतच नाहीत. त्यातून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, माणसाची सावलीसुद्धा पायाखाली जाते. मग टेकडीच्या पायरीला सावली कुठून येणार?

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे तिरपा उजेड. तो आपल्याकडे फार थोडा वेळ मिळतो. युरोपातल्या फोटोग्राफरांची पुस्तकं वाचून आपण ‘गोल्डन अवर’ म्हणतो खरं, पण आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. मऊ उजेडाचा हिशोब अर्ध्या तासाचा धरा, तासाचा नाही. म्हणजे उजाडताना गाडीतून उतरून चालत नाही. अंधारात चालायला सुरुवात करून, उजाडेल तेव्हा जागेवर बसलेलं असायला हवं. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो, हे आदल्या दिवशी जागा ठरवतानाच लक्षात घ्यायचं.

दुसरी गोष्ट, खाली बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत माळ म्हणजे नुसती पिवळी चटई. बसलात की कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं डोळ्यासमोर येतात, आणि समोरची टेकडी किंवा एखादी हिवराची फांदी आकाशात उठून दिसते. सूर्य समोर घ्या. कुसळीच्या तुऱ्यांतून उजेड आरपार येतो तेव्हा कळतं की हे गवत ‘वाळलेलं’ नाही, पिकलेलं आहे. (कुसळी मोज्यात घुसते, तिचं टोक ओलावा लागला की पीळ उलगडत आत शिरतं. तिची बी पेरण्याची तीच युक्ती. लोकरी मोजे घालू नका, एवढंच सांगतो.)

वाइड लेन्सचा मोह टाळा. डोंगर उंच असेल तर ती चालते. आपल्या टेकड्या तिच्यात पार झोपून जातात. लांबून, दोनशे मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने बघितलं की एकामागे एक टेकड्या रचल्यासारख्या दिसतात. पण हे सकाळीच. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागते, मृगजळ दिसतं, आणि लांबच्या लेन्सला काहीच धारदार मिळत नाही. कॅमेरा महागडा असला तरी उपयोग नाही. शिवाय फिकट गवत आणि पांढुरकं आकाश मिळून चौकट भरली की कॅमेरा फसतो आणि सगळं मळकट करून टाकतो. एक्स्पोजर थोडं वाढवून घ्या.

हवेचं म्हणाल तर सप्टेंबर सर्वांत स्वच्छ. पुढे कारखाने सुरू होतात, कुठे पाचट पेटतं, आणि क्षितिज धुरकट होतं.

आता मुद्द्यावर येतो. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने सिएरा नेवाडाचे डोंगर पायी फिरून टिपले. त्याचं पुस्तक १९३८ साली निघालं, ते वॉशिंग्टनला पोचलं, आणि १९४० साली किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात या फोटोंचा वाटा होता. डोंगराचं तसं सोपं असतं. तो दिसतो, म्हणून वाचवावासा वाटतो. आपल्या माळाची नोंद मात्र सरकारी नकाशांत बऱ्याचदा ‘पडीक’ अशी होते. पडीक म्हटलं की कोणीतरी तिथे चर खणतो, झाडं लावतो, नाहीतर प्लॉट पाडतो. झाडं लावणं वाईट कसं, असं तुम्ही विचाराल. जिथे चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक आणि माळटिटवी उघड्यावरच जगतात, तिथे दाट झाडी म्हणजे त्यांचं घर मोडणं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटर. कडबनवाडी, शिर्सुफळ इथली गवताळ कुरणं अभयारण्याबाहेरच आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं की रिकामा माळ दाखवणारा फोटो काढू नका. धनगराचा वाडा, मेंढरांची धूळ, एका बाजूला कालव्याचा हिरवागार ऊस आणि दुसऱ्या बाजूला पिवळं कुरण, हे सगळं चौकटीत येऊ द्या. मेंढक्याला आधी राम राम घाला, विचारून फोटो घ्या. कोणतं कुत्रं चावतं हेही त्यालाच माहीत असतं.

आणि लांडग्याची बिळं. हिवाळ्यात पिल्लं असतात. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत. बिळाजवळ जायचं नाही. दुरून फोटो मिळालाच, तर मोबाईलचं लोकेशन बंद ठेवा आणि मागे ओळखू येईल असा टॉवर, देऊळ किंवा टेकडी येऊ देऊ नका. लोक पार्श्वभूमीवरून जागा शोधतात, आणि पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या असतात.

मागून चिठ्ठी आली आहे: “साध्या मोबाईलवर जमेल का?” जमेल. गवत, उजेड, मेंढरं यांना मोबाईल पुरतो. चिंकाऱ्याच्या मागे मात्र मोबाईल घेऊन धावू नका, तो तुमच्यापेक्षा फार जोरात पळतो आणि उन्हात उगाच दमतो. वन विभागाची जागा असेल तर परवानगीचं आधी विचारा. पाणी दोन लिटर तरी जवळ ठेवा, माळावर टपरी नसते.