तंबोऱ्याला गोंगाट समजणारं यंत्र

श्रवणयंत्र लावल्यावर घरातलं बोलणं समजतं, टीव्हीवरच्या बातम्या कळतात. पण गाणं लावलं की तंबोरा मधेच विरतो, बासरीच्या लांब सुरामागून चिवचिव येते आणि भजनात झांजा वाजू लागल्या की सगळाच आवाज फाटतो. ही तक्रार करणाऱ्याला कधी ‘वयाप्रमाणे एवढंच व्हायचं’ असं सांगितलं जातं, तर कधी महागातलं मॉडेल सुचवलं जातं. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. श्रवणयंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी घडवलेलं असतं, आणि बोलणं स्पष्ट करण्यासाठी त्यात घातलेल्या सोयीच गाण्याच्या मुळावर येतात. म्हणून गाण्यासाठी यंत्राकडून कमी काम करून घ्यायला हवं.

यंत्र बोलणं कसं ओळखतं, हे पाहिलं की याचं कारण कळतं. बोलताना आवाज सेकंदाला साधारण चार-पाच वेळा वरखाली होतो, कारण आपण अक्षरं सुटी उच्चारतो. पंख्याची किंवा एसीची घरघर मात्र एकसारखी चालते. त्यामुळे गोंगाट कमी करणारी यंत्रणा साधा नियम लावते: हेलकावतं ते बोलणं, स्थिर राहतो तो गोंगाट. या हिशेबात तंबोरा गोंगाटात जमा होतो, आणि गायकाने ज्याच्या आधाराने सूर लावायचा तो आधारच दाबला जातो. शिट्टी रोखणाऱ्या यंत्रणेचंही तसंच. कानातून गळलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की यंत्र शिट्टी मारतं. ही शिट्टी म्हणजे एकच स्थिर सूर असतो, आणि बासरीवरचा लांबवलेला षड्जही यंत्राला तसाच भासतो. ते त्याला मोडायला जातं आणि मूळ वादनात नसलेली थरथर ऐकू येते. काही यंत्रं शिट्टी टाळण्यासाठी कंपनसंख्या किंचित सरकवतात. दहा हर्ट्झचा फरक बोलण्यात जाणवत नाही. पण मूळ सूर आणि सरकवलेला सूर एकत्र कानी पडले, तर जुळलेलं वाद्यही बेसूर वाटतं. उंच कंपनांचे आवाज खाली उतरवणारी सोय ‘स’ आणि ‘श’ ऐकायला मदत करते, मात्र तंबोऱ्यातल्या स्वयंभू, म्हणजे तार छेडल्यावर आपोआप उमटणाऱ्या स्वरांचं मूळ सुराशी असलेलं नातं ती बिघडवते.

दुसरा प्रश्न आवाजाच्या तीव्रतेचा. साधं बोलणं 65 डेसिबलच्या आसपास असतं आणि ओरडणंही सहसा 90च्या आत राहतं. झांजा, पखवाज किंवा कानाशी धरलेलं व्हायोलिन मात्र सहज 100च्या पुढे जातं. यंत्रात शिरणारा आवाज आधी आकड्यांत बदलला जातो. सोळा बिटांच्या पद्धतीत त्यासाठी सुमारे 96 डेसिबलचाच पल्ला मिळतो, आणि बोलण्यासाठी तो पुरतो. त्यापलीकडचा आवाज दारातच छाटला जातो. एकदा तो असा फाटला की नंतर यंत्राचा आवाज कमी करून उपयोग नाही. म्हणून घरी गाणं ऐकताना स्पीकरचा आवाज कमी ठेवावा आणि यंत्राचा वाढवावा. नवं यंत्र घेताना ते किती डेसिबलपर्यंतचा आवाज न फाटता आत घेतं, हा आकडा जरूर विचारावा. काही मॉडेल्स 110च्याही पुढे जातात. वादकाच्या जुन्या यंत्राच्या मायक्रोफोनवर पातळ चिकटपट्टी लावून आत जाणारा आवाज थोडा कमी करण्याचा उपाय संगीतकारांबरोबर काम करणारे ऑडिओलॉजिस्टही सुचवतात.

यातून गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम कसा असावा, हे ठरतं. त्यात गोंगाट कमी करणारी यंत्रणा आणि कंपनं खाली उतरवणारी सोय बंद असावी, शिट्टी रोखणारी यंत्रणा बंद किंवा अगदी सौम्य असावी, आणि मायक्रोफोनने सगळ्या दिशांनी ऐकावं. लहान आवाज उचलून मोठा आवाज आवरणारी क्रिया संथ आणि सौम्य हवी. नाहीतर आलापातला चढउतार सपाट होतो. कानात बसणारा भागही महत्त्वाचा. भोकं असलेल्या रबरी टोपीतून खर्जाचा आवाज बाहेर निसटतो. ज्याचं खर्जाचं ऐकणंही कमी झालं आहे, त्याला डग्ग्याची घुमारी हवी असेल तर मापाचा, घट्ट बसणारा साचा लागतो. हा साचा गळती थांबवत असल्यामुळे शिट्टीही कमी होते.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, या सोयी बंद केल्या तर बोलणं बिघडेल. पण हा प्रोग्रॅम वेगळाच असतो. बैठक संपली की एक बटण दाबून बोलण्याच्या प्रोग्रॅमवर परत येता येतं. दुसरा, नवी यंत्रं संगीत आपोआप ओळखतात. काही ओळखतात, पण भाषण आणि गाणं यांची सरमिसळ असलेल्या कीर्तनात त्यांची चूक होऊ शकते, म्हणून प्रोग्रॅम निवडायचा हक्क आपल्या हातात असलेला बरा. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बिघडलेल्या कानाला दोन जवळचे सूर वेगळे ओळखणंच अवघड जातं, ती क्षमता कोणतंही यंत्र परत देत नाही. हे खरं आहे. तीव्र बहिरेपणात अतिउंच कंपनं वाढवली तर उलट किरकिरच ऐकू येते, तिथे ती वाढवणं आवरावं लागतं. पण कानाची मर्यादा आणि चुकीची जुळवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी दुरुस्त करता येते.

तरीही ती दुरुस्त होत नाही, कारण विषयच निघत नाही. ब्रिटनच्या लीड्स विद्यापीठाने श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या संगीतानुभवाचा अभ्यास केला, तेव्हा तपासणीत संगीताबद्दल कधीच बोलणं न झालेले लोक मोठ्या संख्येने आढळले. यंत्र बसवताना वापरली जाणारी सूत्रंही बोलण्याच्या हिशेबानेच आखलेली असतात. म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे जाताना आपलं नेहमीचं रेकॉर्डिंग, आणि वाजवत असाल तर वाद्यही, सोबत न्या. एका वेळी एकच बदल करायला सांगा, तिथेच ऐकून पाहा, घरी आठवडाभर वापरा, काय खटकलं ते लिहून ठेवा आणि पुन्हा जा. यंत्राची किंमत चुकती करण्याआधी चाचणीची मुदत मागा आणि ‘मला गाणं ऐकायचं आहे’ हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.