फोटो मोठा होतो, तपशील कुठून येतो?

"व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय, जरा मोठा करून द्या, पण फाटायला नको." फ्लेक्सच्या किंवा डीटीपीच्या कुठल्याही दुकानात ही मागणी रोज होते. दुकानदारही "बघतो" म्हणून मोकळा होतो, कारण गर्दीच्या वेळी समजावत बसायला त्याला सवड नसते. मग गैरसमज तसेच राहतात.

सगळ्यांत मोठा गैरसमज गुन्हेगारी मालिकांनी पसरवला आहे. तिथे अधिकारी हुकूम सोडतो, कळफलकावर बोटं फिरतात आणि धूसर ठिपक्यांतून गाडीची नंबरप्लेट लख्ख उमटते. जणू तपशील फोटोत दडलेलाच होता, फक्त बाहेर काढायचा राहिला होता. प्रत्यक्षात डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकोनांची जाळी. ४०० गुणिले ३०० पिक्सेलच्या फोटोत १,२०,००० चौकोन असतात आणि त्यापलीकडे काहीही नसतं. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की ४,८०,००० चौकोन लागतात. वाढीव ३,६०,००० ची माहिती कॅमेऱ्याने टिपलेलीच नाही. ती सॉफ्टवेअर शेजारच्या चौकोनांवरून हिशेबाने काढतं. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधली 'बायक्युबिक' पद्धत त्यासाठी आजूबाजूचे १६ पिक्सेल विचारात घेते. अशा सरासरीमुळे दातेरी कडा मऊ होतात, पण न टिपलेली पापणी काही उगवत नाही.

"डीपीआय ३०० करून द्या, मग फाटणार नाही," हे तर जाणकार समजले जाणारे लोकही सांगतात. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके छापायचे तो आकडा. नुसता तो बदलून फोटोत एकाही पिक्सेलची भर पडत नाही. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला ४ इंच छापला जाईल, १०० ला १२ इंच. माल तोच, पसरायची जागा वेगळी.

शिवाय ३०० हा आकडा सगळीकडे लागतही नाही. तो हातात धरून बघायच्या छपाईसाठी आहे. साधारण निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक दिसतं. एक फुटावरून पाहिलं तर हा हिशेब इंचाला जवळपास ३०० ठिपक्यांवर येतो, दहा फुटांवरून पाहिलं तर ३० च्या आत. म्हणजे चौकातल्या दहा फूट रुंद फ्लेक्ससाठी सुमारे ३६०० पिक्सेल रुंदी पुरते आणि ४००० गुणिले ३००० चा, १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलवर काढलेला मूळ फोटो हे काम आरामात करतो. मूळ फोटो, बरं का. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांचा चेहरा बिघडतो तो बहुधा फ्लेक्स मोठा म्हणून नव्हे, तर फोटो चार ग्रुपांतून फिरून आलेला असतो म्हणून.

जेपीजी फाइल पीएनजी म्हणून सेव्ह केल्याने गेलेला दर्जा परत येत नाही, एवढं सांगून पुढे जातो.

एआयचं काय? इथे मात्र थांबायला हवं, कारण त्याचे निकाल खरोखर चकित करतात. लाखो फोटोंवर तयार झालेली ही साधनं केस, वीट, पानं, कापडाचा पोत असं काय कुठे शोभेल ते ओळखून भरतात. निसर्गदृश्याला, लग्नाच्या मंडपाला ती खुशाल वापरावीत. चेहऱ्याचं तसं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पल्स' नावाचं साधन मांडलं. इवल्याशा धूसर चेहऱ्यावरून ते मोठा, स्वच्छ चेहरा तयार करी. लोकांनी त्याला बराक ओबामा यांचा पिक्सेल झालेला फोटो दिला, तर बाहेर आला एक गोरा माणूस. गंमत अशी, की तो गोरा चेहरा पुन्हा लहान केला की दिलेल्या धूसर फोटोशी जुळणारा. एका लहान फोटोत मावू शकतील असे मोठे चेहरे कितीतरी असतात आणि यंत्र त्यातला एक निवडतं. खरा कोणता, हे त्याला कळायला मार्गच नाही. संशोधकांनीही ओळख पटवण्यासाठी हे वापरू नका, असं बजावलं होतं.

न्यायालयातही हा मुद्दा आला आहे. २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत एका खून खटल्यात बचाव पक्षाने मोबाइलवरच्या चित्रीकरणाची एआयने सुधारलेली प्रत आणली. न्यायाधीशांनी ती पुरावा म्हणून स्वीकारली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न भिंतीवर येतो. आजोबांचा एकुलता एक पासपोर्ट फोटो, त्याचा मोबाइलने काढलेला फोटो, त्यावर एआय आणि मग हार घालायला मोठी फ्रेम. डोळे पाणीदार दिसतात, पण आजीला विचारा, ते त्यांचे आहेत का. माझ्या मते अशा वेळी थोडा धूसर, पण खरा चेहरा बरा.

तो फारसा धूसर राहायचं कारणही नसतं. साडेतीन गुणिले साडेचार सेंटिमीटरचा कागदी फोटो स्कॅनरवर १२०० डीपीआयने स्कॅन केला तर सुमारे १६५० गुणिले २१०० पिक्सेल मिळतात. आठ बाय दहा इंची फ्रेमला इंचाला दोनशे पिक्सेल येतात, भिंतीवर तेवढे पुष्कळ झाले. अर्थात मूळ छपाईतच जे उमटलेलं नाही ते स्कॅनर आणणार नाही. निगेटिव्ह सापडली तर उत्तम, ती आधी स्कॅन करा.

मंडळाचं बोधचिन्ह असेल तर मोठं करण्याच्या फंदातच पडू नये. कोरलड्रॉमधली मूळ सीडीआर फाइल मागून घ्यावी. ती रेषांच्या गणितावर चालते, त्यामुळे कितीही ताणली तरी कडा शाबूत राहतात.

आणि फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो लहान करून, दाबून पाठवतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण छपाईसाठी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.