यंत्रनिर्मित चित्रे आणि मराठी अक्षर

पुणे-नाशिक रस्त्यावरील भोसरी आज कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तथापि शेजारच्या मोशी येथे डिसेंबरात भरणाऱ्या किसान कृषी प्रदर्शनास शेतकरी मोठ्या संख्येने येतात. अशा ठिकाणी तक्त्यावर वाचलेला आकडा शेतकरी ध्यानात ठेवतो व घरी जाऊन त्याप्रमाणे औषध कालवतो. म्हणून तक्त्यावरील अक्षर सुबक असण्यापेक्षाही अचूक असणे अगत्याचे आहे.

सन २०२२ पासून, शब्दांत वर्णन दिले असता चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. कपाशीचे शेत किंवा पाठीवर पंप घेतलेला शेतकरी ती हुबेहूब काढतात. परंतु त्याच चित्रात मराठी मजकूर मागितल्यास पुष्कळदा शिरोरेषा तुटते, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते आणि ‘बीजप्रक्रिया’ किंवा ‘शेतकऱ्यांनी’ यांसारख्या शब्दांतील जोडाक्षरांचा निरर्थक आकार होतो.

ह्याचे कारण असे की, हे यंत्र अक्षर लिहीत नाही; अक्षराचे चित्र काढते. ज्या असंख्य चित्रांवरून ते शिकले, त्यांत इंग्रजी अक्षरे फार व देवनागरी थोडी होती. शिवाय इंग्रजी अक्षरे ओळीने सुटी उभी राहतात, तर आपल्या लिपीत मात्रा वर, उकार खाली व ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. नवी साधने लहान शब्द बऱ्यापैकी काढतात. लांब ओळींवर मात्र विसंबता येत नाही.

ह्यातील धोका आकड्यांत अधिक आहे. पाच टक्के निंबोळी अर्काच्या १०० लिटर द्रावणास ५ किलो निंबोळी पूड लागते. तेथे ५ चा ६ वाचला गेला तर फारसे बिघडत नाही. परंतु वेष्टनावर लाल त्रिकोण असलेल्या अतिविषारी औषधाच्या बाबतीत अशी चूक फवारणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील दक्षता घ्यावी :

(१) यंत्राकडून केवळ चित्र घ्यावे व मजकुरासाठी जागा कोरी सोडण्यास सांगावे.

(२) मजकूर संगणकावर युनिकोड टंकात स्वतंत्रपणे जुळवून त्या जागी बसवावा. असा मजकूर पुढे दुरुस्तही करता येतो.

(३) एका विषयाच्या सर्व तक्त्यांस एकच टंक, ठरावीक आकार व रंग वापरावा. ‘ल’ व ‘श’ यांची रूपे शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी ठरवून दिल्याप्रमाणे असावीत.

(४) औषधाचे नाव, प्रमाण व परिमाण वेष्टनाशी ताडून पाहावे.

(५) छपाईपूर्वी नमुना भिंतीवर लावून, मजकूर ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याकडून दहा फुटांवरून मोठ्याने वाचून घ्यावा. जेथे तो अडखळेल तेथे दुरुस्ती करावी.

शेतकरी बंधूंनीही तक्त्यावरील अक्षर संशयास्पद वाटल्यास अंदाजाने अर्थ लावू नये. औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचावी अथवा कृषी कार्यालयात विचारावे. चित्र कोणीही काढो, त्याखालील शब्दाची जबाबदारी तो तक्ता भिंतीवर लावणाराचीच आहे.