मान, मत्सर आणि ‘राधिकासांत्वनमु’

प्रणयातील रुसव्याला संस्कृत साहित्यशास्त्राने ‘मान’ अशी संज्ञा दिली आहे. दहाव्या शतकातील ‘दशरूपक’कार धनंजय त्याचे दोन भेद करतो. प्रेमाच्या भरातच उद्भवणारा तो प्रणयमान. मराठीत त्याला आपण ‘लटका राग’ म्हणतो. हा दोघांपैकी कोणालाही संभवतो. प्रियकर अन्य स्त्रीवर आसक्त झाल्याने होणारा तो ईर्ष्यामान; हा मात्र स्त्रियांचाच.

ही विभागणी काव्यात नेहमीच टिकते असे नाही, हे मुद्दुपळनीच्या तेलुगू ‘राधिकासांत्वनमु’वरून ध्यानी येते. ही कवयित्री तंजावरचा मराठा राजा प्रतापसिंह (१७३९–६३) याच्या दरबारातील गणिका होती. तिच्या काव्यातील राधेने इलेला लहानाची मोठी केले आहे. तीच तिचा कृष्णाशी विवाह घडवून आणते, उभयतांना प्रणयाचा उपदेशही करते. आणि मग त्यांचे सुख तिलाच असह्य होते. सवत येथे परकी नाही, तिच्याच मायेत वाढलेली आहे. त्यामुळे राधेच्या कोपात वात्सल्य, मत्सर आणि कृष्णावरचा हक्क ही एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. कृष्णाने तिची समजूत काढावयाची ती या गुंत्याची, केवळ अपराधाची नव्हे.

१९१० साली बेंगळूर नागरत्नम्मा यांनी या काव्याची आवृत्ती मद्रासमध्ये प्रसिद्ध केली. पूर्वीच्या मुद्रित प्रतीतून गाळलेली पद्येही त्यांनी तीत घेतली. कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी हे काव्य अश्लील ठरविले होते. लज्जा हा केवळ स्त्रियांचाच धर्म काय, अशा आशयाचा प्रश्न नागरत्नम्मांनी त्यावर केला. पुढे सरकारने ग्रंथावर बंदी घातली. ती १९४७ मध्ये उठली.

हा प्रश्न वाङ्मयीन दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. नंदी तिम्मनाच्या ‘पारिजातापहरणमु’मध्ये रुसलेली सत्यभामा पाया पडणाऱ्या कृष्णाला लाथ मारते, तो ग्रंथ मात्र अभिजात म्हणून मानाने वाचला जातो. तेव्हा आक्षेप रुसव्याला नव्हता. रुसणाऱ्या स्त्रीने आपली इच्छा स्त्रीकवीच्या मुखाने उघड सांगावी, हे समीक्षकांना रुचले नाही. बेंगळुरातून तंजावरास गेलेल्या एकोजीच्या वंशाच्या आश्रयाखाली हे काव्य घडले. मराठी अभ्यासकाने त्याकडे केवळ परभाषेतील कृती म्हणून पाहू नये.