पांढरीची राखण

मृग नक्षत्र जवळ आले की मराठवाड्यातील जुन्या गावांत माळवदे दुरुस्त करण्याची जी लगबग सुरू होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना पांढऱ्या मातीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या आणि पाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर ही राखमिश्रित, भुसभुशीत, पाणी झिरपू न देणारी माती, अशी त्या छपराची घडण असते. आणि ही माती शेतात मिळत नाही, तर जेथे पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, भिंती खचल्या, चुलींची राख आणि गोठ्यांचा केर एकावर एक साचत गेला, अशा गावठाणाच्या टेकाडांतूनच ती खणून आणावी लागते. इतर गावी हा व्यवहार निरुपद्रवी म्हणता येईल. परंतु तेरणेकाठच्या तेर या गावी, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद व आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ज्या टेकाडांतून ही माती निघते ती टेकाडे म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर नगर आहे. घर गळू नये म्हणून केलेला तो खटाटोप येथे प्राचीन नगराचा एकेक थर उचलून छपरावर नेऊन टाकतो, आणि त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो, हीच त्यातली खरी अडचण आहे.

या तगराची कीर्ती एके काळी समुद्रापार गेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वृत्तांतात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे नमूद आहे, आणि तेथील कापड गाड्यांवर लादून, बिकट मार्गांनी भडोचच्या बंदरात आणले जात असे, असेही त्यात म्हटले आहे. पुढे कोकणातील व कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. पण हे तगर नेमके कोठे, याविषयी पंडितांत दीर्घकाळ वाद होता, तो १९०१ साली पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवल्यावर मिटला. त्यापाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी येथील विटांच्या मंदिरांची पाहणी केली, आणि १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केले. उत्खनने त्यानंतरही झाली. तथापि उत्खननाचे पथक काही महिने राहते आणि तंबू उचलून जाते. पाऊस मात्र दरवर्षी येतो, आणि टेकाडाची एक कड दरवर्षी ढासळते.

ही ढासळती कड डोळ्यांत तेल घालून पाहणारा पहिला माणूस गावातलाच निघाला. रामलिंगप्पा लामतुरे यांनी कोणत्याही विद्यापीठाच्या वा सरकारी खात्याच्या आदेशाविना, निव्वळ स्वतःच्या ओढीने, मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू असा हजारोंचा संग्रह जमवला. त्याची योग्यता अशी की ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीप्रतिमा विशेष प्रसिद्ध आहे, कारण तिच्याशी निकटचे साम्य असलेली प्रतिमा १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली, आणि पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. आज हा सारा ठेवा लामतुरे यांचेच नाव धारण करणाऱ्या शासकीय संग्रहालयात आहे. गावच्या एका गृहस्थाच्या छंदातून शासकीय संस्था उभी राहावी, हे आपल्याकडे विरळा घडते. बहुधा संस्था आधी स्थापन होते आणि छंद असलेल्या माणसाची वाट पाहत बसते.

लामतुऱ्यांनी लावलेले हे वळण गावातून अजून पुसलेले नाही. पावसाची पहिली मोठी सर पडून गेल्यावर एका निवृत्त गुरुजींबरोबर मी टेकाडाच्या उतारावरून हिंडलो, तेव्हा पाहणे ही शिकावी लागणारी विद्या आहे, याची प्रचीती आली. मला जेथे नुसता चिखल दिसत होता, तेथे गुरुजींना पावसाने धुऊन निघालेल्या खापराची काळी-तांबडी कड, शंखाच्या बांगडीचा चंद्राकार तुकडा, ज्वारीच्या दाण्याएवढा निळा काचमणी अशा गोष्टी चालता चालता दिसत होत्या. ते सकाळीच निघतात. ऊन तिरपे असेपर्यंत मण्यावर किरण पडून तो चमकतो, माध्यान्ही सारे सपाट दिसते. आणि दिसलेली वस्तू ते लगेच उचलत नाहीत. आधी उभे राहून आसपास पाहतात, शेजारच्या शेताचा गट नंबर, ओढ्यापासूनची पावले, कडेच्या वरच्या काठापासून वस्तू किती हात खाली आहे, हे खिशातल्या वहीत टिपतात, आणि ती वस्तू जर मातीत अजून रुतलेली असेल तर तशीच राहू देतात. केवळ वाहून जाऊ पाहणारीच उचलतात.

दुपारी त्यांच्या ओसरीवर पुढचे काम चालले. साधी खापरे पाण्यात भिजवून मऊ ब्रशाने धुतली जातात, पण रंगाचा अंश असलेले खापर, केओलिनची पांढरी मूर्ती किंवा पापुद्रे सुटू लागलेली काच यांना पाण्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, कोरड्या ब्रशाने माती झटकायची, एवढेच. वाळवणे नेहमी सावलीत. मग आतल्या बाजूच्या एका कोपऱ्यावर पारदर्शक लाखेचा बारीक पट्टा ओढून तो वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालायचा, आणि पुन्हा वर लाखेचा हात फिरवायचा, म्हणजे शाई खापरात मुरत नाही आणि पुढेमागे काढायची झाल्यास निघते. तोच क्रमांक नोंदवहीत. जमलेली चीजवस्तू अशी नोंदीसह संग्रहालयाच्या हवाली करण्याचा त्यांचा परिपाठ आहे. आम्ही बसलो असतानाच एक पोरगा मुठीत काहीतरी घेऊन आला.

“गुर्जी, बगा की, बाईचं मुंडकं घावलंय!”

ते भाजक्या मातीचे, साच्यातून काढलेले, दोन बोटे उंचीचे मस्तक होते. केशरचना अतिशय रेखीव होती. साचा दोन भागांत असून मूर्ती आतून पोकळ आहे, हे गुरुजींनी कानामागची सांध्याची रेघ दाखवून मला समजावले. पण मुलाला त्यांनी शाबासकी देण्याआधी विचारले, “बाळा, कुठं घावलं?”

“तिकडं, वढ्याच्या कडंला.”

“वढा कोसभर लांब हाये. चल, जागा दाव मला.” आणि वयाचा विचार न करता ते पुन्हा चप्पल घालून निघाले.

माझ्या मते या गावातील जतनाचे सर्व मर्म त्या एका प्रश्नात आहे. वस्तू हाती लागली पण ठिकाण हरवले, तर ती शोभेची वस्तू उरते. कोणत्या थरातून, कशाच्या शेजारी ती निघाली हे कळले, तर तिच्यावरून घराचा, कारखान्याचा, व्यापाराचा काळ ठरतो. आधीच्या पिढीने वस्तू वाचवल्या, हे ऋण मोठे आहे. यापुढे जागा वाचवायच्या आहेत, आणि ते काम अधिक अवघड आहे, कारण जागेला कपाटात ठेवता येत नाही. सरकारी कायदे आहेत. निखात निधीचा १८७८ चा अधिनियम आहे, त्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जमिनीत सापडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी लागते. परंतु शेतकऱ्याच्या मनात पंचनामा आणि जमिनीवरचा ताबा यांविषयी जे भय असते, ते कोणत्याही कलमाने जात नाही. सापडलेले मुकाट्याने पुन्हा पुरून टाकणारे असतात, ते याच भयापोटी. गुरुजींसारखा ओळखीचा माणूस मध्ये असला की ते भय पुष्कळ कमी होते.

जे जमिनीच्या वर उभे आहे त्याची गोष्ट निराळी. त्रिविक्रमाचे मंदिर पाठीमागे अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छप्पर, समोर नंतर जोडलेला मंडप, असे आहे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे कझिन्स यांच्यापासून पुष्कळ विद्वानांचे मत आहे, आणि विटांचे असे उभे चैत्यगृह आंध्रातील चेझर्ला येथील वगळता दुसरे क्वचितच दाखवता येईल. ते टिकले याचे कारण, त्यात पूजा चालू राहिली. पूजेबरोबर तेल, चुन्याचे हात आणि भडक रंगही येतात, हे खरे. पण ज्याच्या गाभाऱ्यात दिवा लागत नाही, त्याच्या विटा गावकऱ्यांच्या भिंतींत जातात, हेही तितकेच खरे. येथील जुन्या विटा तरी अशा की कोणालाही मोह व्हावा: मातीत तूस मिसळून त्या भाजल्या, तूस जळून आत असंख्य पोकळ्या राहिल्या, आणि वीट इतकी हलकी झाली की पाण्यावर तरंगते. गुरुजींनी घंगाळात तसा एक तुकडा टाकून दाखवला. तो बुडाला नाही.

माळवदांची जागा आता सिमेंटचे स्लॅब घेऊ लागल्यामुळे पांढऱ्या मातीची मागणी घटली आहे, आणि हे टेकाडांच्या पथ्यावर पडले असते. परंतु जे काम कुदळ वर्षभर करीत असे ते माती उकरणारे यंत्र एका दुपारी करते, आणि त्याच्या दातांना थर कळत नाही. म्हणून सपाटीकरणाची वा नव्या घराच्या पायाची परवानगी देताना ग्रामपंचायतीने टेकाडांचा नकाशा समोर ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला चैत्रात तेरला माणसांचा लोट येतो. त्या वाटेने जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती की दर्शनानंतर एक तास लामतुरे संग्रहालयासाठी राखून ठेवावा, आणि टेकाडावर हिंडताना एखादा निळा मणी दिसलाच, तर तो खिशात न घालता तेथेच राहू द्यावा, जागेची खूण नीट ध्यानात ठेवावी आणि संग्रहालयात जाऊन सांगावी.